फ्रेंच सोडून माणसांकडे गेलेला गोदी कामगार

सेनेगलचे दिग्दर्शक-पटकथाकार उस्मान सेंबेन यांची ओळख ‘फ्रेंच भाषिक कलावंत’ अशी करून दिली जाते. आम्हाला ही ओळख अपुरी वाटते. त्यांची सारी कारकीर्द म्हणजे फ्रेंचच्या कुंपणाबाहेर पडण्याची धडपड होती.

१९२३ साली झिगिंशोर येथे एका कोळ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. शाळेतून काढून टाकल्यावर त्यांनी गवंडीकाम केले. महायुद्धात ते फ्रान्सच्या सैन्यात होते, तर नंतर मार्सेच्या गोदीत त्यांनी ओझी वाहिली. कामगार संघटनेत घडलेल्या या माणसाने १९५६ साली गोदी कामगारावर फ्रेंचमध्ये कादंबरी लिहिली. नाव झाले. पण ज्यांची व्यथा मांडली, त्या निरक्षर बांधवांना तिचा काय उपयोग? म्हणून चाळिशीच्या आसपास ते मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकले. सिनेमाला ते रात्रशाळा म्हणत.

१९६६ च्या ‘ला न्वार द...’मध्ये गोऱ्यांच्या घरी राबणारी दिऊआना आपली घुसमट मनातल्या मनात बोलते, तीही फ्रेंचमध्येच! १९६८ च्या ‘मांदाबी’त मात्र पात्रे वोलोफ बोलू लागली. पॅरिसहून पुतण्याने पाठवलेली मनीऑर्डर इब्राहिमला मिळत नाही, कारण त्याच्याकडे ओळखपत्र नाही. कचेऱ्यांचे खेटे घालून तो थकतो आणि शेवटी शिकलेला नातलगच ते पैसे गिळतो.

येथे सेंबेन आम्हाला मोठे वाटतात. गोऱ्यांना शिव्या घालून टाळ्या मिळवणे सोपे होते. त्यांनी स्वातंत्र्यानंतर खुर्चीवर बसलेल्या आपल्याच लोकांना जाब विचारला. ‘झाला’ला १९७५ साली कात्री लागली. १९७७ च्या ‘सेड्डो’वर बंदी आली. सबब काय, तर शीर्षकात ‘ड’ एक की दोन! सत्तेवर होते फ्रेंच भाषेचे नामवंत कवी, राष्ट्राध्यक्ष सेंघोर. सेंबेन एका अक्षरानेही हटले नाहीत.

१९४४ साली थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रान्सनेच थियारोय येथे गोळ्या झाडल्या. तो इतिहास त्यांनी १९८८ मध्ये पडद्यावर आणला. २००४ साली, ऐंशी ओलांडल्यावर, ‘मूलादे’तून मुलींच्या अंगच्छेदाच्या रूढीवर घाव घातला. २००७ मध्ये ते गेले.

व्हेनिस आणि कानने त्यांना पुरस्कार दिले. परंतु त्यांची खरी कसोटी वेगळी होती: इब्राहिमला आपली गोष्ट त्याच्या भाषेत कळली का? जनतेचा म्हणवणाऱ्या प्रत्येक कलावंताला आम्ही हाच प्रश्न विचारू.