सुटींतली चाकरी आणि शाळेंतलें यंत्र

वार्षिक परीक्षा आटोपल्या म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटतो. गुणांची चिंता मागें पडते आणि सुटीची चिंता पुढें येते. या महिन्यांत एका भगिनीनें विचारलें आहे कीं, त्यांच्या चिरंजीवानें नुकतीच दहावीची परीक्षा दिली. ओळखीच्या दुकानदाराचा हिशेब संगणकावर उतरवून देण्यासाठीं महिनाभर जावें व चार पैसे मिळवावे, असें त्याच्या मनांत आहे. वडिलांना तें रुचत नाहीं. "आपल्या घरीं काय पैशाची वाण पडली आहे? त्यापेक्षां पुढच्या वर्षाचा क्लास लाव," असें त्यांचें म्हणणें. या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं आम्ही एका परदेशीय शाळेची हकीकत वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

अमेरिकेंत सिॲटल नगरांत लेकसाइड नांवाची एक खासगी शाळा आहे. १९६८ सालीं तेथील विद्यार्थ्यांच्या मातांच्या मंडळानें जुन्या वस्तूंची विक्री करून पैसा उभा केला आणि त्यांतून शाळेला टेलिटाइप यंत्र मिळवून दिलें. आजच्या मुलांनीं तें पाहिलें तर त्यास संगणक म्हणावयास तीं तयार होणार नाहींत. त्याला पडदा नव्हता. टंकलेखनयंत्राप्रमाणें तें सेकंदाला दहा अक्षरें कागदावर उमटवी. खरा संगणक दूर, अन्य ठिकाणीं. टेलिफोनच्या तारेनें त्याच्याशीं बोलावयाचें, तेंही केमेनी व कुर्ट्झ या डार्टमथच्या प्राध्यापकांनीं १९६४ मध्यें शिकाऊ लोकांसाठीं काढलेल्या बेसिक भाषेंत. तो संगणक एकाच वेळीं अनेक गिऱ्हाइकांचें काम करी आणि वेळाचें भाडें आकारी. म्हणून मुलें आपली आज्ञावली आधीं कागदी फितीवर भोकें पाडून तयार ठेवीत आणि मगच जोडणी करीत. चुकीचा दंड पैशांत मोजावा लागे. मातांनीं जमविलेली रक्कम लौकरच संपली, यांत नवल नाहीं.

खरें शिक्षण येथून सुरू झालें. नगरांत नव्यानें निघालेल्या एका संगणक-कंपनीनें मुलांपुढें सौदा ठेवला: फावल्या वेळीं यावें, यंत्राच्या कामांतील दोष हुडकून त्यांची नोंद करावी, आणि मोबदल्यांत यंत्र फुकट वापरावें. या मुलांत तेरा वर्षांचा बिल गेट्स व पंधरा वर्षांचा पॉल ॲलन हे होते. त्यांनीं दोष हुडकले. पण पुढें फुकट वेळ मिळविण्याच्या लोभानें कंपनीच्या हिशेबाच्या नोंदींतही हात घातला. तेव्हां त्यांना उन्हाळाभर यंत्राजवळ येण्याची बंदी झाली. तीही शिकवणच! १९७० मध्यें ती कंपनी बुडाली. १९७१ मध्यें पोर्टलंडच्या एका कंपनीनें त्यांच्याकडून पगारपत्रकाची आज्ञावली मागितली. वेतन पुन्हा यंत्राच्या वेळाच्या रूपानें. तेव्हां कर, कपाती व करारनामा हे विषय या मुलांना स्वतःच शिकून घ्यावे लागले.

त्याच वर्षीं ही मुलांची शाळा मुलींच्या एका शाळेशीं एकत्र झाली आणि वर्गांचें वेळापत्रक बसविणें दुर्घट झालें. गेट्स व त्याचा जिवलग मित्र केंट इव्हान्स यांनीं तें काम अंगावर घेतलें. मे १९७२ मध्यें केंट गिर्यारोहण करतांना पडून मृत्यु पावला. शोक कितीही असला तरी शाळा ठरल्या दिवशीं उघडणार होती. तोंवर कॉलेजांत गेलेला ॲलन मदतीस आला, आणि त्या उन्हाळ्यांत दोघांनीं तें काम तडीस नेलें. हीच जोडी पुढें १९७५ मध्यें मायक्रोसॉफ्टची संस्थापक झाली.

या हकीकतीवरून, दुकानांत बसलेला प्रत्येक मुलगा कोट्यधीश होईल, असा अर्थ कोणी काढूं नये. लेकसाइडसारखी शाळा व तसें यंत्र त्या काळीं फारच थोड्यांच्या वांट्यास आलें. आमचें लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. गेट्स यांचे वडील नामांकित वकील. त्यांच्याही घरीं पैशाची वाण नव्हती. मग मुलाला या कामांतून काय मिळालें? वहींतलें गणित चुकलें तर एक गुण जातो. पगारपत्रक चुकलें तर कोणाच्या तरी घरची चूल अडते. आपल्या कामाची कोणी वाट पाहत आहे, ही जाणीव कोणत्याही क्लासांत विकत मिळत नाहीं.

आपल्याकडे १९८४ मध्यें सुमारें २५० शाळांतून बीबीसी मायक्रो संगणक देऊन संगणक-साक्षरतेची योजना सुरू झाली. आज त्याहून कितीतरी समर्थ यंत्र मुलांच्या खिशांत असतें, आणि वेळाचें भाडें कोणी मागत नसल्यामुळें त्या वेळाची किंमतही त्यांस कळत नाहीं. श्रम करून शिकण्याची कल्पना तर आपल्याला परकी नाहींच. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९४७ मध्यें साताऱ्यास 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर कॉलेज काढलें. आणि माधुकरी मागून किंवा वार लावून जेवून शिकलेले पूर्वज ज्या घराण्यांत होऊन गेले, त्यांनीं चाकरीची लाज बाळगावी, हें आम्हांस तरी शोभत नाहींसें वाटतें.

तेव्हां आमचें त्या भगिनीस सांगणें असें: मुलाला अवश्य जाऊं द्यावें. कामाचे तास बेताचे असावेत आणि विश्रांतीस व वाचनास वेळ उरावा, एवढें पाहावें. मिळकतीचा जमाखर्च त्यानेंच लिहावा. हिशेब चुकला तर दुकानदाराचें बोलणें त्यालाच ऐकूं द्यावें. वडिलांनीं रदबदलीस जाऊं नये. आणि पहिला पगार हातीं घेऊन तो घरीं येईल, तेव्हां रक्कम किती हें विचारण्याआधीं आज काय चुकलें व तें कसें सुधारलें, हें वडिलांनीं त्याला जवळ बसवून विचारावें. त्या एका संभाषणानें हा घरांतला वाद मिटेल, असा आम्हांस भरंवसा वाटतो.