गोदावरीच्या खोऱ्यातला गाळ

गोदावरीचा विषय निघाला की महाराष्ट्रात चर्चा होते ती टीएमसीची. नाशिक-नगरने किती पाणी अडवले आणि जायकवाडीत किती सोडले, हा हिशेब 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाल्यानंतरही न्यायालयाच्या पायरीपर्यंत जातो. हा वाद खोटा नव्हे आणि मराठवाड्याची तहान तर मुळीच नव्हे. पण ज्या डोंगरउतारांवरून हे पाणी येते, त्यांच्याकडे पाहण्यास कोणालाच सवड दिसत नाही.

ब्रह्मगिरीवर उगम पावणारी ही नदी अरबी समुद्रापासून सुमारे 80 किलोमीटरवर जन्मते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला 1465 किलोमीटर जाते. त्र्यंबकेश्वरला पाऊस कोसळतो. निफाड-सिन्नरच्या वाट्याला त्याच्या निम्माही येत नाही. वरच्या खोऱ्याची सारी मदार घाटमाथ्याच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावर आहे. तिथले रान तुटले, डोंगर फोडला, की पाण्याबरोबर मातीही खाली येते.

ती साचते नांदूर मधमेश्वरला. गोदावरी-कादवा संगमावर इंग्रजी अमदानीत कालव्यांसाठी बांधलेला हा बंधारा गाळाने भरत गेला. उथळ पाण्यात बेटे झाली, पाणकणीस माजले आणि चक्रवाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या तिथे वस्तीला आल्या. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले आणि 2019 मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ. पाटबंधारे खात्याच्या लेखी जे अपयश, त्यातून इतके देखणे काही क्वचितच निपजले असेल!

मात्र गाळ थांबत नाही. आणखी साचला तर दलदलीची जमीन होईल आणि पक्षी जातील. नाशिकच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी उरलेले पाणी झाकते आहेच. 2016 आणि 2019 मध्ये सायखेडा-चांदोरीत पूर शिरला. ज्यांच्या घरांत पाणी आले, त्यांनी सरसकट गाळ उपसा म्हटले तर त्यांना निसर्गद्रोही ठरवणे हा शहाजोगपणा होय. मुख्य पात्र मोकळे करावे, बेटे व उथळ काठ राखावेत, हे शक्य आहे. परंतु वरची माती वर राहिली नाही, तर आजचा उपसा काही पावसाळ्यांत वाया जाईल.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरला घाट आणि रस्ते यांवर मोठा खर्च होतो आहे. त्यातला काही भाग ब्रह्मगिरीच्या उतारांवरील झाडोऱ्यासाठी आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी राखून ठेवला आहे काय, एवढे सरकारने सांगावे.