व्याज गेले, साक्ष मात्र अर्धीच



१२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरमध्ये स्त्रिया हायकोर्टाकडे मोर्चा घेऊन निघाल्या. जनरल झियांची लष्करी राजवट होती, जमावबंदी होती. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. मागणी साधी होती : आमची साक्ष पुरुषाच्या साक्षीच्या निम्मी धरू नका. विमेन्स ॲक्शन फोरमच्या कार्यकर्त्या आणि पंजाबमधल्या स्त्री वकील त्यात पुढे होत्या. आज तो दिवस पाकिस्तानात राष्ट्रीय महिला दिन म्हणून पाळला जातो.

हे आज आठवण्याचे कारण बँकांचे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाकिस्तानच्या राज्यघटनेत २६ वी दुरुस्ती झाली. १ जानेवारी २०२८ पूर्वी, शक्य तितके, व्याज पूर्णपणे नाहीसे करायचे, असे तिने सरकारवर घातले. तेथील इस्लामी बँकव्यवसाय झपाट्याने वाढतो आहे. बँकांच्या एकूण मालमत्तेचा पाचव्या हिश्शाच्या आसपासचा भाग आता या पद्धतीने चालतो.

याची सुरुवातही झियांच्याच काळातली. १९८१ मध्ये बँकांत नफा-तोट्याच्या भागीदारीची खाती निघाली. १९८५ पर्यंत रुपयांतल्या ठेवींवरचे व्याज कागदोपत्री संपले. प्रत्यक्षात बँक माल विकत घेतल्याचे दाखवी आणि चढ्या किमतीला तोच ऋणकोला हप्त्याने विकी. १९९१ मध्ये फेडरल शरियत कोर्टानेच ही चढी किंमत म्हणजे वेगळ्या नावाचे व्याज, असे ठरवले. पुढे निकाल, अपील, फेरविचार असे चक्र चालले. २००२ मध्ये पहिल्या पूर्ण इस्लामी व्यापारी बँकेला परवाना मिळाला आणि २०२२ मध्ये त्याच कोर्टाने व्याज संपवायला २०२७ अखेरची मुदत दिली.

व्याजाला विरोध करण्यात आम्हाला गैर काही दिसत नाही. सावकाराच्या वहीने किती घरे बुडवली हे आपल्या खेड्यापाड्यांतील बायांना कोणी शिकवायला नको. आपली भिशी असते तशीच तिकडच्या बायांची ‘कमिटी’ असते. दरमहा पैसे जमवायचे, पाळीपाळीने एकीने उचलायचे. त्यात व्याज नाही, फतवाही नाही. आहे तो एकमेकींवरचा विश्वास. २००१ पासून ‘अखुवत’ ही लाहोरची संस्था गरिबांना बिनव्याजी कर्ज देते आहे. श्रद्धेतून असेही काही उभे राहू शकते.

आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या राजवटीने व्याज हटवण्याचा गाजावाजा केला, तिनेच १९८४ मध्ये साक्षीचा कायदा आणला. स्त्रियांच्या लढ्यामुळे मूळ मसुदा बराच सौम्य झाला, हे त्यांचे यश. पण आर्थिक व्यवहाराच्या लेखी दस्तावर दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन स्त्रिया साक्षीदार हव्यात, हे कलम राहिलेच. म्हणजे जिथे पैशाचा प्रश्न येतो नेमके तिथेच बाई अर्धी! हे कलम आजही त्या कायद्यात आहे.

दुसरी गोष्ट तारणाची. कर्जाला व्याज म्हणा की नफा म्हणा, बँक तारण मागतेच. घर-जमीन पुरुषाच्या नावावर असेल तर बाईने काय ठेवायचे? कुराणाने मुलीला वारसाहक्क दिला आहे. भावाच्या निम्मा का होईना, पण दिला आहे. तोही भावांसाठी ‘सोडून देण्याचा’ आग्रह घरोघर होतो. बाईला वारशापासून फसवून वंचित ठेवणे हा गुन्हा ठरायला तिथे २०११ साल उजाडावे लागले. व्याजाविरुद्ध कोर्टात तीस वर्षे भांडणाऱ्यांनी बहिणीच्या हिश्शासाठी तेवढाच आवाज उठवला असता तर? धर्माज्ञा पाळायची म्हटली तर दोन्ही सारख्याच नाहीत का?

तिथल्या स्टेट बँकेने २०२१ मध्ये स्त्री-पुरुष समानतेचे धोरण काढले, बँकांत स्त्री कर्मचारी वाढवायला सांगितले. हे चांगलेच आहे. पण काउंटरच्या आतली बाई वाढली म्हणून बाहेरच्या बाईच्या नावावर जमीन चढत नाही.

आपल्याकडे कोणी हे वाचून ‘बघा, त्यांचा धर्मच असा’ म्हणेल, तर त्याला आमचा ठाम नकार आहे. १९८३ मध्ये लाठ्या खाणाऱ्या स्त्रियाही त्याच समाजातल्या होत्या. आणि आपल्या दारातही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन तिला साडीचोळीवर बोळवणारे भाऊ कमी नाहीत. धर्माचे नाव बदलते, हिशेब तोच राहतो.

म्हणून कोणत्याही नव्या अर्थव्यवस्थेला आपण तीन प्रश्न विचारू या. खाते कोणाच्या नावावर? तारण कोणाच्या मालकीचे? आणि दस्तावर बाईची सही पूर्ण धरली जाते का? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत ‘व्याज गेले’ हे ऐकून बाईने निर्धास्त होऊ नये. लाहोरात नाही आणि लातुरातही नाही.