कंपनीच्या रिमवर किती रुंद टायर टाकायचा? जरा आकडे बघू या

एमएच २६ असो की एमएच २४, जरा पळणारी हॅचबॅक घेतली की आपल्याकडं पहिलं काम ठरलेलं. रिम कंपनीचाच ठेवायचा (नवीन अलॉयचा खर्च परवडत नाही) आणि त्यावर बसेल तेवढा रुंद टायर चढवायचा. "१८५ काढ, २०५ टाक, गाडी रोडला चिकटून पळते बघ." नांदेड-लातूर रोडवर पळणाऱ्या गाड्या बघितल्या की हा सल्ला किती जणांनी ऐकलाय ते दिसतं. माझं मत सरळ आहे. रिम तोच ठेवून टायर दोन पायऱ्या रुंद करणं म्हणजे पैसे देऊन गाडी बिघडवणं. का ते सांगतो.

लातूर पॅटर्नवाल्या आपल्या भागात अकरावीच्या पोराला घर्षणाचा नियम तोंडपाठ असतो. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं म्हणतात. रबराच्या बाबतीत तो नियम तंतोतंत चालत नाही, हे खरं. पण दुसरी गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टायरचा जेवढा भाग रस्त्याला टेकतो, तो मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब यावर ठरतो. वजन तेच, हवा तीच, मग रुंद टायरनं टेकणारा भाग फार वाढत नाही. त्याचा आकार बदलतो. तो रुंदीला वाढतो आणि लांबीला कमी होतो. वळणावर याचा थोडा फायदा होतो, नाकारत नाही. पण तो फायदा मिळायला टायर रिमवर नीट ताणून बसावा लागतो. खरी गोम इथंच आहे.

रिमलाही रुंदी असते. रिमवर, बहुतेक मागच्या बाजूला, ५ जे, ५.५ जे, ६ जे असं काहीतरी कोरलेलं असतं. ती इंचातली रुंदी. आणि प्रत्येक टायरला कोणता रिम चालतो, याची मर्यादा ठरलेली असते. १८५/६५ आर १५ ला ५ ते ६.५ इंच. १९५/६० आर १५ ला ५.५ ते ७. २०५/६५ आर १५ ला ५.५ ते ७.५. म्हणजे तुमचा रिम ५ इंची निघाला, तर १९५ सुद्धा त्यावर नियमात बसत नाही, २०५ तर लांबच. मशीनवर तो चढतो, हवा भरली की बसतोही. पण चढणं वेगळं आणि शोभणं वेगळं.

अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या बाजू फुग्यासारख्या बाहेर येतात आणि मधला भाग वर उचलला जातो. मग टायर मधूनच झिजतो. स्टेअरिंग फिरवलं की आधी रबर वाकतं, मग गाडी वळते. ज्या चपळाईसाठी पैसे घातले, तीच गेली. वरून वजन वाढलं, अ‍ॅव्हरेज घसरलं आणि चार माणसं बसली की टायर आतल्या लायनरला घासायला लागला.

आता उंचीचा हिशोब. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला वर्षानुवर्षं येणारा १८५/६५ आर १५ घ्या. त्याची उंची भरते साधारण ६२१ मिलिमीटर. त्याजागी २०५/६५ टाकला तर ६४७. म्हणजे चार टक्क्यांची वाढ. काटा पूर्वीइतकाच वेग दाखवतो, पण गाडी चार टक्के जास्त पळत असते. १९५/६० घेतला तर ६१५, फरक फक्त एक टक्का. म्हणून रुंदी वाढवायचीच असेल तर एकच पायरी वाढवा, तीही रिम परवानगी देत असेल तरच, आणि उंची दोन टक्क्यांच्या आत ठेवून. कंपनीनंच स्पोर्टी म्हणून विकलेली आय ट्वेंटी एन लाइन बघा. १६ इंची रिमवर तिला १९५/५५ आहे. इंजिन टर्बो असूनही कंपनीला २२५ टाकावासा वाटला नाही, याचा थोडा विचार करा.

आणि आपले रस्ते. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं चांगला डांबरी रस्ताही दोन वर्षांत लाटा मारतो. तुळजापूर-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा ३६१ नंबरचा महामार्ग सोडून आत वळलात की खड्डे आलेच. तिथं बुटक्या बाजूचा टायर रिमसकट मार खातो. गाळप सुरू झालं की ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल रस्त्यावर येतो. त्यात एखादी अवकाळी सर आली की रस्ता साबणासारखा होतो. अशा पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो, अरुंद टायर पाणी कापत जातो. आणि रुंद टायर झिजलेला असेल तर विचारूच नका. कायद्यानं गाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल पाहिजे. पण आपल्याकडं तार दिसेपर्यंत पळवायची रीत.

काही जण म्हणतील, पोरांची हौस आहे, करू द्या. हौस करावी, माझा विरोध नाही. फक्त पैसे योग्य जागी घाला. रुंदीला जे जास्तीचे मोजणार, त्यातच कंपनीच्या साइजमध्ये चांगल्या दर्जाचे चार टायर येतात. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की फरक तिथं कळतो. बाकी अलाइनमेंट करा, आणि दर पंधरा दिवसांनी टायर थंड असताना हवा तपासा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा कमी असलेला टायर तापून फुटतो, मग तो किती का रुंद असेना.

टायर दुकानदार भावांना एक विनंती. बिलावर टायरच्या साइजसोबत रिमची रुंदीही लिहा. एका ओळीचं काम आहे, पण त्यानं गिऱ्हाईक विचार करायला लागेल. आणि आरटीओनं लायसन्सच्या परीक्षेत टायरवरचा आकडा वाचायला लावावा. खुणांचे बोर्ड ओळखता येतात, पण ज्या चार हातभर जागांवर अख्खं कुटुंब टेकून चाललेलं असतं, त्यांच्यावर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही, हे बरं नव्हे.

गिऱ्हाईक म्हणून तुम्ही तीनच गोष्टी विचारा. माझा रिम किती जे? हा टायर त्या रिमला चालतो का? उंचीत किती फरक पडतो? शिवाय वजनाचा आणि वेगाचा आकडा, उदाहरणार्थ ८८ एच, मूळ टायरपेक्षा कमी नको. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. आणि साइडवॉलवरचे चार अंक बघा, कोणत्या आठवड्यात नि कोणत्या वर्षी बनला ते त्यातून कळतं. या प्रश्नांना नीट उत्तर न देता "टाका हो, काही होत नाही" म्हणणारा भेटला, तर सरळ पुढचं दुकान गाठा.