बूस्ट हवाय? आधी ब्लॉकला विचारा!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये ऐकलेला संवाद. ‘गाडी मस्त आहे रे, फक्त थोडा दम कमी पडतो.’ ‘मग टाक ना सुपरचार्जर!’ टाक ना! जणू भेळेवर शेव टाकायचीय. तळमजला आला म्हणून ते दोघे सुटले, नाहीतर मी त्यांना दादाच्या मस्टँगची गोष्ट ऐकवलीच असती. आता तुम्ही सापडलाय, तर ऐका.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मूळचा कोल्हापूरचा, गेली अठरा वर्षं डेट्रॉइटजवळ. नोकरी गाड्यांच्या धंद्यातलीच, पण सॉफ्टवेअरची. दिवसभर इंजिनाशी बोलतो, तेही स्क्रीनवरून. हाताला ग्रीस म्हणून लागत नाही. ही खंत घालवायला त्यानं १९९० सालची फोर्ड मस्टँग घेतली. १९७९ ते १९९३ या काळातल्या या मॉडेलला तिकडे ‘फॉक्स बॉडी’ म्हणतात. बॉनेटखाली व्ही-८ इंजिन. नाव ‘फाइव्ह पॉइंट ओ’, प्रत्यक्षात ३०२ घनइंच, म्हणजे ४९४२ सीसी. खरं तर ४.९ लिटर, पण मार्केटिंगवाले सगळीकडे सारखेच! कंपनीनं दिलेली ताकद २२५ हॉर्सपॉवर. तुमच्या-माझ्या हॅचबॅकच्या अडीचपट. दादाला हवे होते सहाशे.

तीन भाऊ, तीन स्वभाव

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. इंजिन स्वतःहून जेवढी हवा ओढतं, त्यापेक्षा जास्त हवा तो आत कोंबतो. जास्त हवा, मग जास्त पेट्रोल, मग मोठा भडका. टर्बोही हेच करतो, पण तो सायलेन्सरकडे निघालेल्या वायूंवर फिरतो. बाजारात सुपरचार्जरचे तीन प्रकार मिळतात.

पहिला रूट्स. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडीचा पत्ताही नव्हता. बघताना उसाचा चरक आठवतो. फरक एवढाच, की ऊस दोन लाटांच्या मधून जातो आणि इथे हवा कडेकडेनं, भिंतीला चिकटून जाते. हा हवा दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो पुढे, मॅनिफोल्डमध्ये गर्दी झाल्यावर. पेडल दाबलं की ताकद हजर, पण हवा फार तापते.

दुसरा ट्विन-स्क्रू. यात दोन मळसूत्रं एकमेकांत फिरतात आणि हवा आतच दाबली जाते. खालच्या आरपीएमपासून भरपूर दम, उष्णता कमी, किंमत जास्त. हे दोन्ही प्रकार इंजिनाच्या डोक्यावर बसतात.

तिसरा सेंट्रिफ्यूगल. दिसायला टर्बोच, पण पट्ट्यावर चालणारा. याचा बूस्ट आरपीएमच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६००० ला ८ पीएसआय मिळत असेल, तर ३००० ला जेमतेम दोन. म्हणजे सिग्नलवर गरीब गाय आणि वर गेल्यावर बैल! याच्या आत गिअर असतात. पुलीमुळे दुप्पट आणि गिअरमुळे साडेतीनपट धरलं, तर इंजिन ६००० वर असताना आतला पंखा ४२ हजारांवर फिरतो.

दादानं सेंट्रिफ्यूगल निवडला आणि ते बरोबरच होतं. बाजूला बसतो, बॉनेट कापावं लागत नाही, उद्या गाडी मूळ रूपात आणता येते. शिवाय खालच्या आरपीएमला इंजिनावर एकदम भार येत नाही.

कागदावरचे घोडे

आता हिशेब. हवेचा नेहमीचा दाब १४.७ पीएसआय. त्यात ८ चा बूस्ट मिळवला की २२.७. म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त. २२५ चे कागदावर ३४७ होतात. पण हवा दाबली की तापते, हे सायकलच्या पंपानं शाळेतच शिकवलंय. ३० अंशांची हवा दीडपट दाबली, तर चांगल्या सुपरचार्जरमधूनही ती ८० अंशांवर बाहेर पडते. जुन्या धाटणीच्या रूट्समधून १०० च्या पुढे. तापलेली हवा विरळ, म्हणून ताकद घटते. सुपरचार्जर स्वतः फिरायला वीस-तीस घोडे खातो, ते वेगळेच. हातात उरतात तीनशेच्या थोडे वर.

तापलेल्या हवेचा खरा धोका मात्र नॉकिंगचा. ठिणगी पडून ज्योत पसरत असताना उरलेलं मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. म्हणून इंटरकूलर लागतो, मोठे इंजेक्टर आणि पंप लागतात, ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते. दादाच्या गाडीतले मूळ इंजेक्टर ताशी १९ पौंड पेट्रोल सोडणारे, ते बदलणं आलंच.

‘हे सगळं मान्य,’ दादा फोनवर म्हणाला, ‘पण मी नवी हेड्स टाकतोय, कॅम बदलतोय आणि लहान पुली मागवलीय. लहान पुली म्हणजे पंखा आणखी जोरात, बूस्ट १४ च्या पुढे. एक पुली, तीही स्वस्तात! आणखी काय पाहिजे?’

आणखी काय पाहिजे, ते त्याला गावातल्या मशीन शॉपच्या म्हाताऱ्या मालकानं दाखवलं. कोपऱ्यात एक ३०२ चा ब्लॉक पडला होता. मधोमध, लांबीत, चक्क दोन तुकडे झालेला.

कलिंगडासारखा ब्लॉक

दोष फोर्डचा नाही. त्यांनी तो ब्लॉक सव्वादोनशे घोड्यांसाठी ओतला, हलका आणि पातळ. मस्टँगवाल्यांच्या जगात एक आकडा तोंडपाठ असतो : पाचशे. त्याच्या आसपास या मूळ ब्लॉकचा भरवसा संपतो. कुणाचा चारशे ऐंशीला जातो, कुणाचा साडेपाचशे सोसतो, पण मागच्या सीटवर यमराज बसलेलाच असतो.

का, ते सोपं आहे. भडका पिस्टनला खाली ढकलतो, पिस्टन क्रँकला. क्रँक ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्याच्या खालच्या टोप्या बोल्टांनी ब्लॉकला टांगलेल्या असतात. प्रत्येक भडक्याला त्या टोप्या खाली ओढल्या जातात आणि वरची बिडाची भिंत ताणली जाते. तडा तिथून सुरू होतो, कॅमच्या बोगद्यातून वर जातो आणि व्हीच्या मधल्या दरीत निघतो.

मग मजबुती कशी करायची? टोप्यांना बोल्टऐवजी स्टड घालतात. चांगलं आहे, पण पकड बदलली की बेअरिंगची घरं पुन्हा एका रेषेत होन करून घ्यावी लागतात. सगळ्या टोप्या एकत्र बांधणारा ‘गर्डल’ मिळतो. त्यानं टोप्या हलायच्या थांबतात, पण तुटते ती टोपी नव्हे, वरची भिंत. गळ्यातलं लॉकेट तुटू नये म्हणून मान पक्की करण्यातला प्रकार! ड्रॅग रेसवाले पाण्याच्या पोकळीत सिमेंटसारखं फिलर ओततात. सिलिंडर घट्ट होतात, पण थंड करणारं पाणी कमी होतं. काही सेकंदांच्या शर्यतीला ठीक, ट्रॅफिक जॅममध्ये शिजून निघाल. खरा इलाज एकच : जाड भिंतींचा आणि मधल्या टोप्यांना चार-चार बोल्ट असलेला नवा ब्लॉक. डार्टसारख्या कंपन्या तो बनवतात. पण त्यात क्रँक, रॉड, पिस्टन धरले, की आकडा पाच अंकी डॉलरमध्ये जातो.

दादानं मधला मार्ग काढला. भंगारातून दुसरा एक ३०२ चा ब्लॉक स्वस्तात आणला. यालाच स्टड, यालाच गर्डल, झालं काम!

काका आणि हातोडी

त्याच उन्हाळ्यात काका, म्हणजे दादाचे वडील, तिकडे गेले. काकांची शिरोलीला फौंड्री होती. तीस वर्षं बीड ओतलं. दादानं ती सांभाळावी ही त्यांची इच्छा, दादानं विमान पकडलं. पुढे फौंड्री विकली गेली. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं म्हणजे ‘हवा कशी आहे’ आणि ‘गोळ्या घेतल्या का’.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. दादा काकांना घेऊन गेला. एका गाडीच्या बॉनेटमधून रूट्सचा भलामोठा ‘६-७१’ डोकं काढून होता. मूळचा जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेलवरचा : सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. काका थबकले. ‘अरं, ह्यो तर भट्टीचा ब्लोअर!’ आणि बरोबरच होतं. गाड्यांवर चढण्याआधी रूट्सच्या ब्लोअरनं भट्ट्यांनाच वारा घातला होता.

घरी आल्यावर काका थेट गॅरेजमध्ये. भंगारातला ब्लॉक साखळीनं टांगायला लावला आणि लहान हातोडीनं जागोजागी ठोकून बघितला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण... आणि एका ठिकाणी ठप्प. पुन्हा ठोकलं. पुन्हा ठप्प.

‘दाबाला बीड मरत नाही लेका, ताणाला मरतं. हितं तडा हाय बघ.’

दादा हसला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. तरी सोमवारी ब्लॉक मशीन शॉपला नेला. तिथे चुंबक लावून लोखंडाची पूड टाकतात, तडा असेल तिथे पूड रेषेत गोळा होते. पूड गोळा झाली. तिसऱ्या बेअरिंगच्या भिंतीवर, केसाएवढी रेष.

त्या रात्री लहान पुली परत पाठवण्यासाठी खोक्यात गेली. गाडीतला मूळ, धडका ब्लॉक तसाच ठेवून बापलेकांनी आठवडाभर खपून ८ पीएसआयचं किट बसवलं. पाने देताना काका तीस वर्षांच्या फौंड्रीतल्या गोष्टी सांगत होते आणि दादा पहिल्यांदाच नीट ऐकत होता. मला फोन आला तेव्हा म्हणाला, ‘तीनशेच झाले रे. पण सहाशेचं आता सुचत नाही.’

आपल्याकडे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, त्यामुळे हा प्रयोग रस्त्यावरच्या गाडीवर करू नका. पण अप्रेझलच्या मोसमात तो आठवा. जास्तीची जबाबदारी, रात्रीचे कॉल, दुसरा हप्ता... लहान पुली नेहमी स्वस्तच मिळते. आपला ब्लॉक ठण्ण वाजतो की ठप्प, हे ठोकून बघणारं कुणीतरी जवळ असावं.

बूस्टआधी एवढं बघाच

* आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एकही ढिला असेल तर आधी दुरुस्ती.
* आधी किती घोडे हवेत ते ठरवा, मग सुपरचार्जर, मग पुली. उलटा क्रम महागात पडतो.
* नवे पिस्टन घालत असाल तर रिंगच्या टोकांतली फट वाढवा. चार इंची बोअरला साधारण १८ हजारांश इंच लागते, बूस्टसाठी २४ च्या आसपास. तापून टोकं भिडली की पिस्टन फुटतो.
* पेट्रोल आणि टायमिंगवरचे पैसे वाचवू नका.
* जुना ब्लॉक चुंबकाची चाचणी केल्याशिवाय बांधू नका. घरात फौंड्रीवाले काका असतील, तर आधी त्यांना बोलवा.