सांताक्रूझचा बर्फ

डिसेंबर उजाडला की आमच्या सांताक्रूझमध्ये बर्फ पडायला लागतो. कापसाचा! दुकानांच्या काचांवर, सोसायटीच्या गेटवर, आणि आता घरोघरच्या हॉलमध्येसुद्धा. मुलांना लोकरी टोप्या घालायच्या, फोटोपुरता पंखा बंद करायचा, की लगेच घाम पुसत पंखा पाचवर. यंदा लेकीच्या शाळेतून 'स्नो थीम'ची चिठ्ठी आली आणि मी घरात चक्क विरोध केला. नातेवाइकांत 'खडूस बाप' अशी प्रसिद्धी झालीच आहे, तेव्हा कारणंही सांगून टाकतो.

आधी हवामान. आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चा. तेवढ्या थंडीतही पाणी गोठत नाही. आभाळातून इथे काय पडतं ते २६ जुलै २००५ ला पाहिलंय की आपण... चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर!

ज्याचा वाढदिवस, त्याच्या गोष्टीतही बर्फ नाही. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ रात्री उघड्यावर कळप राखत बसलेत. बर्फ आला तो युरोपातल्या भेटकार्डांवरून. शिवाय कापूस पुरला नाही की थर्मोकोलचा भुगा येतो. २०१८ साली गणपतीच्या मखरासाठी ज्यावर बंदी आली, ते येशूच्या गोठ्याला कसं चालतं बुवा?

"हौस आहे पोरांची, कापसाने कुणाचं काय बिघडतं?" असं आमची आत्या म्हणते. बिघडतं, आत्या! बर्फ पसरला की नाताळ परदेशी सण ठरतो, आणि तो करणारा शेजारीही नकळत परदेशी ठरतो. माझं खरं भांडण इथे आहे. अहो, आपल्या उपनगराचं नावच मुळी 'पवित्र क्रूस'. कलिना-वाकोल्याच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन हे साष्टीचे भूमिपुत्र. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले, तरी बोली मराठीच राहिली. 'ईस्ट इंडियन' हे नावसुद्धा त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं, बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले, वेगळे, हे साहेबाला कळावं म्हणून.

आणि फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण'? १६१६ मध्ये छापलेलं, मराठी ओव्यांत. बर्फाच्या देशातून आलेल्या त्या इंग्रजाने आपली ओवी उचलली. चारशे वर्षांनी आपण त्याचा बर्फ उचलतोय!

असो. नाताळ घरी हवाच, लेकीला कळायलाच हवा. पण तो शेजारचा हवा, भेटकार्डावरचा नको. आमच्या शेजारच्या आंटी गोठ्यासाठी आधीपासून ताटलीत नाचणी रुजत घालतात, अगदी आपल्या घटासारखी. ते हिरवे कोंब म्हणजे बेथलेहेमचं गवत. त्यांच्या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, कलकल म्हणजे शंकरपाळ्यांची चुलत भावंडं. खिडकीतला कागदी तारा आपल्या आकाशकंदिलाशेजारी लावला तर उपरा वाटत नाही. पोरीला एक दिवस त्यांच्या ओट्यावर कलकल वळायला बसवा, शंभर कापसाच्या डोंगरांपेक्षा जास्त शिकेल.

आणि बर्फ दाखवायचाच असेल, तर मे महिन्यात जुहू चौपाटीवर काला खट्टा आहेच.