संकेतस्थळाचा सातबारा कोणाच्या नावावर?

एका संस्थेचे पदाधिकारी आमच्याकडे सल्ल्यासाठी आले होते. संकेतस्थळ संस्थेचे, पैसे संस्थेचे. पण ते बनवून देणारा तरुण नोकरीसाठी परगावी गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. डोमेन त्याच्याच नावावर नोंदलेले! निवडणुकीत पडलेले अध्यक्ष पहिल्या पानावर तसेच हसत राहिले. यात त्या तरुणाचा दोष कमी आणि कागद न पाहणाऱ्या संस्थेचा जास्त, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संकेतस्थळ बनवणे आता तज्ज्ञांची मक्तेदारी राहिलेली नाही. द्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३), जुमला (२००५) या सॉफ्टवेअरमुळे कोडची एक ओळ न लिहिताही मजकूर टाकता येतो आणि थीम बदलून संकेतस्थळाला आपल्याला हवे ते रूप देता येते. मजकूर डेटाबेसमध्ये वेगळा राहत असल्याने रूप बदलले तरी लेख शाबूत राहतात. ही तिन्ही सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली मिळतात. म्हणजे ती वापरा, बदला, इतरांना द्या; आडकाठी नाही. हा अधिकार कागदावरचा नाही. २००५ साली मॅम्बो या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांचे त्यामागच्या कंपनीशी पटेना, तेव्हा त्यांनी तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडली. तीच जुमला होय.

परंतु परवाना म्हणजे ताबा नव्हे! सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीला वर्डप्रेस डॉट ऑर्गचे दार बंद केले. कोड सर्वांचा, पण प्लगिनचे अपडेट जिथून येतात त्या दाराची किल्ली एकाच्या हाती. भांडण दोन बड्यांचे आणि अडकले ते सामान्य ग्राहक. डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील फेडरल न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन ते दार उघडायला लावले. न्यायालयात जाण्याची ऐपत त्या कंपनीकडे होती. लहान संस्थेने काय करावे?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्वाळा दिला. कायदा पाठीशी आहे. पण भांडण टाळणे केव्हाही स्वस्त. म्हणून प्रत्येक संस्थेने ठराव करून डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदवावे. प्रशासकाचे खाते किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावे. डेटाबेस, थीम आणि छायाचित्रे यांची प्रत दरमहा काढून होस्टिंगबाहेर ठेवावी. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलावा आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यावी.

सातबारा पाहिल्याशिवाय आपण गुंठाभर जमीन घेत नाही. मग वर्षानुवर्षांचे लेखन, हिशेब आणि छायाचित्रे दुसऱ्याच्या नावावर का ठेवायची? आज घरी गेल्यावर एवढेच तपासा: आपल्या संस्थेच्या डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर आहे?